बर्फाखालचा डोळा

मासे धरण्याच्या विद्येवर ह्या पानांत लेख पाहून आमच्या काही वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, हे आम्ही जाणून आहो. ज्या घरांत बोंबील आणि बांगडा ह्यांतील भेद कोणास सांगता यावयाचा नाही, त्या घरांनी गळ व आमिष ह्यांची चर्चा का वाचावी, असा प्रश्न रास्तच आहे. परंतु प्रस्तुत लेखात मासे खाण्याचा प्रश्न गौण आहे. पाण्याच्या पोटात जे दडलेले असते ते डोळ्यांस दिसू लागले म्हणजे मनुष्याच्या वर्तनात काय फरक पडतो, हा आमचा खरा विषय. आणि तो आमच्यापुढे उभा राहिला तो आमच्याच घरच्या ओटीवर.

आमचे घर कोलाडास, कुंडलिका नदीपासून हाकेच्या अंतरावर. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त बायकोमुलीसह अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राहतो. तेथील घड्याळ हिवाळ्यात आपल्यामागे साडेअकरा तास असते. म्हणून आमची रात्रीची जेवणे आटोपून सारी मंडळी ओटीवर टेकली की तिकडे सकाळचे नऊ वाजतात, आणि फोनच्या पडद्यावर त्या तिघांचे मुखदर्शन होते. गेल्या पौषातील एका रविवारी असाच फोन आला. पडद्यावर क्षितिजापर्यंत पांढरेशुभ्र मैदान, त्यात एक कापडी झोपडी, व लोकरीच्या कपड्यांत गुरफटलेली आमची नऊ वर्षांची नात एवढेच दिसत होते.

आमच्या मातोश्रींनी, ज्यांना सारे घर माई म्हणते, चष्मा सावरून विचारले, "काय रे, हे माळरान कोठले?"

"आजी, हे माळरान नव्हे, तळे आहे. आम्ही तळ्याच्या मधोमध उभे आहोत. खाली चाळीस फूट पाणी आहे."

माईंच्या हातातील जपमाळ थांबली. "अरे, पोरीला घेऊन पाण्यावर उभा राहिलास? आणि ते फुटले म्हणजे?"

माईंची शंका अडाणीपणाची म्हणून कोणी हसू नये. बर्फाच्या देशांतील शहाणी माणसे प्रत्येक वेळी हीच शंका घेऊनच तळ्यावर पाऊल टाकतात. पायी चालणाऱ्या माणसास स्वच्छ, नितळ बर्फाचा थर निदान ४ इंच, म्हणजे १० सेंटिमीटर हवा. लहान मोटार न्यावयाची तर ९ ते १० इंच. हिम साचून झालेला पांढरा, भुसभुशीत बर्फ असेल तर त्याची ताकद निम्मीच समजावयाची व थर दुप्पट धरावयाचा. किनाऱ्यापासून थोडथोड्या अंतरावर पहार मारून किंवा भोक पाडून जाडी मोजीत पुढे जावयाचे. गळ्यात दोन टोकदार खिळ्यांच्या मुठी अडकवावयाच्या, कारण आत पडल्यास निसरड्या कडेला पकड घेऊन वर येण्यास त्यांचाच आधार. झोपडीत शेगडी पेटविली तर वाऱ्यास वाट ठेवावी लागते. नाही तर कोंडलेला विषारी वायू झोपेतच माणसास नेतो. पुतण्याने त्या दिवशीचा थर १४ इंच असल्याचे मोजपट्टी लावून दाखविले तेव्हा कोठे माळ पुन्हा फिरू लागली.

वर एवढा बर्फ असता खाली पाणी कसे, आणि त्यात मासे जिवंत कसे राहतात, हा प्रश्न आमच्या धाकट्या नातवाने विचारला. सृष्टीची ही व्यवस्था खरोखर मनन करण्यासारखी आहे. बहुतेक पदार्थ थंड होताना आकसत जातात. पाणी मात्र सुमारे ४ अंश सेल्सिअसपर्यंतच आकसते व त्याहून गार झाले की उलट फुगू लागते. शरद ऋतूत तळ्याचे वरचे पाणी गार झाले की ते जड होऊन तळाशी जाते व खालचे वर येते. सर्व तळे ४ अंशांवर आले की हा फेरा थांबतो. पुढे वरचा थर आणखी गारठला तरी तो हलका असल्यामुळे वरच राहतो आणि शून्य अंशावर गोठतो. बर्फ पाण्याहून सुमारे ८ टक्क्यांनी हलका, म्हणून तो तरंगतो व दुलईसारखा खालच्या पाण्याचे रक्षण करतो. बाहेर शून्याखाली २० अंशांची थंडी असली तरी तळाशी ४ अंशांची ऊब टिकून असते. मासे तेथे मंद गतीने वावरतात. शरीराची भट्टीच मंदावल्यामुळे त्यांस अन्नही थोडे पुरते. हे नियम उलटे असते, बर्फ जड असता, तर तळी तळापासून गोठत आली असती आणि थंड देशांत मासाच राहिला नसता.

आता त्या झोपडीतील यंत्राकडे वळू. बर्फात गिरमिटाने आठ इंच व्यासाची दोन भोके, एकमेकांपासून चारपाच फुटांवर, पाडलेली होती. एका भोकातून गळाची दोरी सोडलेली. दुसऱ्यातून एक काळी वायर खाली गेलेली. त्या वायरीच्या टोकास मुठीत मावेल एवढा, माशाच्याच आकाराचा, पाणी न शिरेल असा बंद केलेला कॅमेरा होता. त्यास मागे लहानशी शेपटी असते, ती तो फार गिरक्या घेऊ नये म्हणून. वायर वर येऊन एका छोट्या पडद्यास जोडलेली, आणि तळाशी जे घडेल ते त्याच क्षणी पडद्यावर उमटते. मच्छीमारांच्या हौसेकरिता अशी यंत्रे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून बाजारात येऊ लागली. आता ती तिकडे सर्रास आढळतात.

यंत्र साधे दिसले तरी ते चालविण्यास अक्कल लागते. जाड बर्फ व त्यावर साचलेले हिम ह्यांमुळे खाली उजेड फार थोडा पोहोचतो. शिवाय पाणी प्रकाशातील तांबडा रंग सर्वांत आधी गिळते, म्हणून खोल गेलेले सारे काही हिरवट-निळसर दिसते. कॅमेऱ्याच्या तोंडाशी बारीक दिवे असतात, पण पाण्यात कणांचा गढूळपणा असेल तर दिवा लावताच धुक्यात मोटारीचे दिवे लावल्यासारखा सर्वत्र पांढरा पडदा पसरतो. म्हणून काही यंत्रांत अवरक्त किरणांचा उपयोग करतात. बहुतेक माशांस ते जाणवत नाहीत, पण पाण्यात त्यांची धाव दोनचार हातांपलीकडे नाही. कडाक्याच्या थंडीत बॅटरीचे बळ झपाट्याने उतरते, म्हणून ती कोटाच्या आत उबेस ठेवावी लागते. वायर ताठ होते व कॅमेरा गळाकडे पाठ फिरवून बसतो. त्याचे तोंड पुन्हा आमिषाकडे वळविण्यातच अर्धा तास मोडतो. एक गोष्ट मात्र अनुकूल असते. बर्फाच्या झाकणामुळे वारा पाणी ढवळीत नाही, हिवाळ्यात शेवाळ कमी असते आणि ओढ्यांतून चिखल येत नाही. त्यामुळे तळ्याचे पाणी वर्षात सर्वांत नितळ असे ह्याच दिवसांत सापडते.

पाण्याखाली पाहण्याची ही धडपड मात्र आजची नाही. लुई बुताँ ह्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८९३ साली फ्रान्सच्या दक्षिणेस बान्यूल्स येथे समुद्रात उतरून छायाचित्रे घेतली. अंधारावर उपाय म्हणून मॅग्नेशियम जाळून उजेड पाडण्याची युक्ती त्याच्या मदतनिसांनी योजिली होती. आणि मिनेसोटाच्या परिसरातील ओजिब्वे हे मूळ रहिवासी तर काच, वीज ह्यांतले काही नसतानाही बर्फाखाली पाहत आले आहेत. ते भोकाजवळ पालथे पडून डोक्यावरून घोंगडी ओढून घेत. घोंगडीखाली काळोख झाला की बर्फातून झिरपलेल्या उजेडाने उजळलेले खालचे पाणी स्पष्ट दिसू लागे. मग लाकडी मासा दोरीने नाचवून खऱ्या माशास जवळ बोलवावयाचे व भाल्याने टिपावयाचे. उन्हात उभे राहून अंधाऱ्या माजघरातील काही दिसत नाही, पण माजघरातून अंगणातले सर्व दिसते, हा आपला रोजचाच अनुभव. ओजिब्वे लोकांनी तोच कामी लावला. त्याच तत्त्वावरच्या काळोख्या झोपड्या तेथे आजही बांधतात.

त्या रात्री पडद्यावर आम्ही जे पाहिले त्याने पुतण्याची, आणि आमचीही, एक जुनी समजूत पार मोडली. हळदी रंगाच्या अंगावर काळसर उभे पट्टे असलेले पर्च जातीचे आठदहा मासे आमिषाभोवती जमले. एक पुढे आला, बोटभर अंतरावर थबकला, कल्ले हलवीत निरखून पाहिले, आणि आल्या पावली वळून गेला. दुसऱ्याने तसेच केले. तिसऱ्याने आमिष तोंडात धरून तत्क्षणी थुंकून टाकले. वर दोरी हललीसुद्धा नाही. पुतण्या म्हणाला, "काका, गेली दोन वर्षे मी दोनदोन तास बसून 'येथे मासाच नाही' म्हणून उठत होतो. मासे नेहमी होते. मीच त्यांना पटत नव्हतो." माई हसल्या. दोरीवरून पाण्याची परीक्षा करणारा मनुष्य स्वतःच्याच कल्पनेची परीक्षा करीत असतो, हे त्या छोट्या पडद्याने दोन मिनिटांत शिकविले.

एवढ्यावर फोन संपला असता तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते. मुलगी एकदम ओरडली, "बाबा, तो बघा, तो छोटा येतोय!" सर्वांच्या देखत एका वितीएवढ्या माशाने आमिष गिळले, पुतण्याने झटका दिला, आणि मासा चाळीस फुटांवरून वर आला. त्याचे पोट तोंडातून बाहेर ढकलल्यासारखे झाले होते व डोळे बटबटीत पुढे आले होते. मुलीने कळवळून "सोडा, सोडा" म्हटले, म्हणून त्यास हलकेच भोकात सोडून दिले. कॅमेरा त्या वेळी वर ओढून घेतलेला, बर्फाच्या लगत होता. पडद्यावर आम्हांस दिसले ते असे: मासा तोंड खाली करून शेपटीने जिवाच्या आकांताने पाणी मारीत होता, आणि बुचासारखा पुन्हा पुन्हा वर येऊन बर्फाच्या खालच्या अंगास चिकटत होता. ओटीवर कोणी बोलेना. अखेर पुतण्याने भोकात हात घालून त्यास बाहेर काढले.

ह्याचे कारण शास्त्राने पूर्वीच सांगून ठेवलेले आहे. माशाच्या पोटात वाताशय नावाची हवेची पिशवी असते; तीमुळे तो पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगू शकतो. पाण्यात दर ३३ फुटांस एका वातावरणाइतका दाब वाढत असल्याने चाळीस फुटांवर पृष्ठभागाच्या दुपटीहून अधिक दाब असतो. तेथून मासा एकाएकी वर ओढला की पिशवीतील हवा तितक्याच पटीने फुगते. ट्राउट, पाइक ह्यांसारख्या जातींत पिशवीपासून घशाकडे नळी असते, तीतून हवा सोडून देता येते. पर्चला तशी वाट नाही. त्यास पाण्यात परत सोडणे हे दयेचे कृत्य वाटले तरी पुष्कळदा तो केवळ आपल्या नजरेआड मरतो. म्हणून तेथील जाणते लोक म्हणतात की खोल पाण्यात गळ टाकावयाचा तर जे लागेल ते घरी नेण्याच्या तयारीने टाकावा, ठरलेली संख्या भरताच उठावे. सोडून देण्याची हौस असेल तर उथळ पाण्यात बसावे. तिकडे गळासाठी सरकारी परवाना लागतो आणि प्रत्येक जातीचे किती मासे न्यावे ह्यास कायद्याची मर्यादा असते, ती ह्याचसाठी.

बऱ्याच वेळाने माईंनी विचारले, "तो लहान आहे, हे दिसत होते ना रे तुम्हांला? मग ओढलात कशाला?"

पुतण्या थोडा थांबून म्हणाला, "आजी, दिसत होता म्हणूनच ओढला."

हे उत्तर आमच्या मनातून अजून गेलेले नाही. त्या यंत्राचे गुण व अवगुण ह्या एका वाक्यात सामावले आहेत. ज्यास आवर घालता येतो त्याच्या हाती हा कॅमेरा मोठाच उपकारक. लहान मासा किंवा नको ती जात जवळ आली की दोरी हातभर वर उचलावी, म्हणजे जीव वाचला. गळाने आंधळेपणी मासे मारणाऱ्यास हे भाग्य कधी लाभले नव्हते. परंतु ज्यास आवर नाही, त्याचे हात हाच कॅमेरा अधिक नेमके करतो. थव्यावरच नेऊन बसवितो आणि समोर दिसणाऱ्याचा मोह दर क्षणी वाढवितो. डोळे उघडल्याने दया येतेच असे नाही. केव्हा केव्हा नुसती भूक वाढते. त्या दिवशी मुलीने पुढे गळ लावू दिला नाही; उरलेला वेळ बापलेक नुसते पडदा पाहत बसले, एवढे मात्र सांगितले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नदीवर गेलो तो हाच विचार घोळवीत. आमच्या कुंडलिकेवर बर्फ कधी जमावयाचा नाही, पण तिच्याही पाण्यावर एक झाकण आहेच, ते आमच्या बेफिकिरीचे. ज्या मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, त्याच धरणाचे पाणी सह्याद्रीवरून सुमारे ५०० मीटर खाली उतरून १९२७ पासून भिऱ्याच्या केंद्रात वीज निर्माण करते आणि पुढे कुंडलिकेत येते. मूळचे पूर्वेकडे जावयाचे हे पाणी आज पश्चिमेस आमच्या दारावरून समुद्रास मिळते. सकाळी ते सुटले की नदी पाहता पाहता चढते, आणि तिच्या लाटांवरून रबरी होड्या हाकण्यास मुंबई-पुण्याची तरुण मंडळी कोलाडास लोटतात. ज्या पात्रात पहाटे गुडघाभर पाणी होते तेथे थोड्याच वेळात माणूस वाहून जाईल असा ओघ असतो. म्हणून येथेही, मिनेसोटाच्या बर्फाप्रमाणेच, पाऊल टाकण्यापूर्वी विचारावे लागते. परंतु ह्या शेकडो लोकांत खालच्या जीवसृष्टीची चौकशी करणारा आम्हांस अजून भेटला नाही.

पावसाळ्याच्या पहिल्या सरी कोसळल्या की ह्या नद्यांतील मासे अंडी घालण्याकरिता ओहोळांतून वर, थेट भातखाचरांपर्यंत चढतात. रायगड जिल्ह्यात ह्यास वलगण म्हणतात. त्या दोनचार रात्रींत दिवट्या घेऊन, पाग टाकून, अंड्यांनी भरलेल्या माद्या टोपल्यांनी धरल्या जातात. समुद्रात यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी आहे, ती प्रजननाच्या ह्याच हेतूने. ओहोळातील माशाचा असा कैवार कोण घेणार? मात्र ज्यांची चूल त्या माशांवर पेटते, वर्षातून एकदा ज्यांच्या पोरांच्या ताटात ते पडतात, त्यांना बोधामृत पाजण्याचा अधिकार आम्हां वरणभात खाणारांस नाही. आमच्या वाट्याचा दोष निराळा आहे. रोह्याच्या खाली आरे खुर्दपासून साळावपर्यंतचा ह्याच नदीचा पट्टा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली प्रदूषित नद्यांच्या यादीत घातला. कारखान्यांचा माल वापरणारे व घरचे सांडपाणी गटारात लोटणारे आम्हीही त्याचे धनी आहोत. जे दिसत नाही त्याची खंत वाटत नाही.

ह्याउलट दृश्य पाहावयाचे तर फार दूर जावयास नको. आमच्याच जिल्ह्यात महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा खोल डोह आहे. त्यातील मासे वरदायिनी देवीचे म्हणून कोणी धरीत नाही. काठावरून चुरमुरे टाकताच हातहातभर मासे थव्याने वर येतात. पाहण्यास ना वायर लागते ना पडदा. ज्या पाण्यात माणसाने गळ टाकला नाही तेथे मासा आपण होऊन दर्शन देतो. आधी नेम आला, मग दर्शन घडले, हा त्या डोहाचा क्रम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो.

मुलांकरिता एक सोपा प्रयोग येथे सुचवितो. आंजेलो सेक्की ह्या इटालियन धर्मगुरू-ज्योतिर्विदाने १८६५ साली समुद्राच्या पाण्याची पारदर्शकता मोजण्याकरिता पांढरी तबकडी दोरीने खाली सोडली; ती ज्या खोलीवर दिसेनाशी होई ते त्या पाण्याचे माप. तळ्यांचे शास्त्रज्ञ आजही तसेच मोजतात. घरच्या कठडा असलेल्या विहिरीत, वडील माणसास बरोबर घेऊन, पांढरी एनॅमलची थाळी दगडाचे वजन लावून आडवी सोडावी, दोरीस वीतवीत अंतरावर गाठी माराव्या, आणि थाळी कितव्या गाठीस लोपते ते दर महिन्यास वहीत टिपावे. आमच्या विहिरीत धाकट्या नातवाने हा उद्योग आरंभिला आहे. आपल्या विहिरीचे पाणी प्रत्येक महिन्यास निराळे असते, ही गोष्ट त्याने आम्हां वडिलांस प्रथमच दाखवून दिली.

पुतण्या येत्या मार्गशीर्षात सहकुटुंब येणार आहे. त्या दिवसांत नदी निवळलेली असते. परवाच्या फोनवर त्याने विचारले, "आजी, तुझ्यासाठी इकडून काय आणू?"

माई म्हणाल्या, "तो पाण्यात सोडायचा कॅमेरा आण. वर पाणी सुटायच्या आधी डोहात बघू काय आहे ते. गळ तेवढा तिकडेच ठेव."